फ्रिजमधली जिवंत माणसं

३ तारीख, सोमवार

ही वही हिने आणून दिली. "ताटावर बसून मेलेल्यांच्या गोष्टी नकोत. लिहून काढा आणि मोकळे व्हा," असा हुकूम झाला. इतकी वर्षं संसार केला, पण माझं काम बायकोच्या पचनी पडलेलं नाही.

मी पेपरचं अकरा नंबरचं पान लावतो. निधनवार्ता, श्रद्धांजली, शोकसभा. ऑफिसात पाठीमागे मला चित्रगुप्त म्हणतात. म्हणोत बापडे. पहिल्या पानावर मंत्र्याचं खातं चुकलेलं मी पाहिलंय, खेळाच्या पानावर हरलेला संघ जिंकलेला पाहिलाय. पण अकरा नंबरवर जो मेला तो मेलाच. खुलासा छापायची पाळी माझ्यावर कधी आली नाही.

आज संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुदळीचा मजकूर तयार करून फ्रिजमध्ये ठेवा."

फ्रिज म्हणजे कॉम्प्युटरवरचा आमचा कप्पा. थोर माणसं कधी जातील याचा नेम नसतो, म्हणून त्यांचे मृत्युलेख ती जिवंत असतानाच लिहून तिथे ठेवायचे आणि वेळ आली की तारीख टाकून पान सोडायचं. कुदळ म्हणजे आमचा गुन्हेगारी बातमीदार. दिसेल तिथे खणत बसतो म्हणून हे नाव पडलं. सध्या तो कंत्राटदाराच्या मागे आहे. शहरातला सगळा कचरा कंत्राटदार उचलतो. त्यात दुसऱ्या कोणी हात घातला तर तो हात पुन्हा सापडत नाही म्हणे. आमच्या मालकांच्या केबिनमध्ये त्यांचा आणि कंत्राटदाराचा गळ्यात गळे घातलेला फोटो आहे. फार प्रसन्न आलाय.

"त्याला काय झालंय?" मी विचारलं.

"अजून काही नाही," संपादक म्हणाले.

मला हे पटलेलं नाही. फ्रिजमध्ये जायला एक तर वय लागतं, नाहीतर पद, नाहीतर निदान बरा न होणारा आजार. कुदळ धडधाकट आहे आणि जिना दोन-दोन पायऱ्या चढतो. उद्या कोणीही फ्रिजमध्ये घुसेल.

४ तारीख, मंगळवार

माहिती घ्यायला कुदळीकडे गेलो. माझं काम ऐकून तो आधी हसला, मग बराच वेळ हसला नाही.

त्याच्या मागे भलतीच कटकट लागलेली दिसते. त्याच्या नावाने कोणीतरी दूधवाल्याला सांगितलं, पहिल्या तारखेपासून दूध बंद. वाचनालयात कळवलं, सभासदत्व रद्द करा. घरमालकाला फोन गेला की हे महिनाअखेर जागा सोडताहेत, दुसरा भाडेकरू बघा. काल तर दोन माणसं येऊन खोलीची मापंसुद्धा घेऊन गेली. मी म्हटलं, एवढं सगळं आवरायला घेतलंयस तर कुठे बदली वगैरे झाली का? तो माझ्याकडे बघतच राहिला.

"काका, मृत्युलेख किती शब्दांचा असतो?"

"बातमीदाराला तीनशे. त्यात फोटो."

"आणि वकील वाचतात?"

आमच्या पेपरात वकीलसाहेबांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुत्रा हरवल्याची बातमीही जात नाही. कुदळीची कंत्राटदारावरची बातमी त्यांनी किती वेळा परत पाठवली याची गणती नाही. पण ते अकरा नंबरच्या पानाला शिवत नाहीत. त्यांच्या वडिलांची बातमी त्यांनी त्या पानावर अचानक वाचली, तेव्हापासून ते दहावरून थेट बारावर जातात. मी तसं सांगितलं.

कुदळीचे डोळे चमकले. "आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. आमच्याकडे बातमीही दिसत नाही. काका, माझा मी लिहून देतो."

माझं काम वाचलं. पण शब्दमर्यादा पाळेल असं वाटत नाही.

६ तारीख, गुरुवार

आज एक अतिशय सभ्य गृहस्थ माझ्या जाहिरातींच्या खिडकीवर आले. इस्त्रीचा शर्ट, हलका आवाज, बोलताना हात जोडलेले. अशी माणसं हल्ली राहिली नाहीत. श्रद्धांजलीची जाहिरात द्यायची होती, फोटोसकट.

"कधी वारले?"

"अजून वारायचे आहेत. आजारी असतात."

"काय आजार?"

"हट्टीपणा," ते म्हणाले. मग घाईघाईने, "म्हणजे, औषध घेत नाहीत."

नाव आणि फोटो नंतर देणार होते. मजकूर मात्र तयार होता. "कामावरून परतताना अकाली निधन." मी नम्रपणे चूक दाखवली की आजारी माणूस कामावर कसा जाईल? त्यांनी ते लगेच मान्य केलं आणि "कामावरून परतताना" खोडलं. सूचना ऐकून घेणारं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं.

मग विचारलं, रविवारच्या अंकात यायला शेवटची वेळ काय? मी सांगितलं, एरवी संध्याकाळी सात, पण रविवारचं पान शनिवारी पाचला बंद होतं.

"म्हणजे साडेचारपर्यंत उरकायला हवं," ते स्वतःशीच म्हणाले. नातेवाईक इतक्या आधीपासून नियोजन करायला लागले तर माझं आयुष्य सोन्याचं होईल. निघताना त्यांनी आमच्या ऑफिसचीही चौकशी केली, शनिवारी लोक कधी सुटतात, सगळे पुढच्याच दाराने जातात का. मी सांगितलं, कुदळ तेवढा चारला मागच्या गल्लीतून जातो, कारण त्याची स्कूटर कागदाच्या गोदामापाशी असते. त्यांनी माझे आभार मानले.

७ तारीख, शुक्रवार

वहीचा नियम मोडून जेवताना त्या गृहस्थांचं कौतुक केलं. ही वाढता वाढता थांबली. भाजीचा चमचा हवेत तसाच.

"अहो, कुठल्या वेळी सुटतो, कुठून जातो, सगळं सांगितलंत?"

"विचारलं त्यांनी."

"आणि दूध बंद कोणाचं केलं? जागा कोणाची खाली होतेय? मजकूर कोणाचा लिहायला सांगितलाय?"

मी घास हातात घेऊन बसलो. एकेक गोष्ट मला आधीपासून माहीत होती, पण ती अशी एका ओळीत कोणी ठेवली नव्हती. मी रोज मेलेल्यांबरोबर असतो, त्यामुळे माणसं मारलीही जातात हे माझ्या डोक्यात येतच नाही. माझ्याकडे ती आयती येतात.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ही म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला म्हटलं, उद्या सकाळीच संपादकांना सांगतो. ती म्हणाली, "संपादकांना सांगून काय होणार? त्याला घरी घेऊन या."

८ तारीख, शनिवार

सकाळी संपादकांना सगळं सांगितलं. ते अजूनही खिडकीबाहेरच बघत होते. "म्हणून तर मजकूर तयार ठेवायला सांगितला ना," ते म्हणाले. "मालकांची इच्छा आहे, बातमी नको, पण श्रद्धांजली चांगली व्हावी."

पोलीस चौकीत फोन केला. साहेब म्हणाले, "घटना घडली का?"

"साडेचारला घडणार आहे."

"मग पाचला फोन करा."

कुदळीला सांगितलं, पळ. तो म्हणाला, "पळालो तर बातमी गेली. शाळेच्या मैदानाखाली त्या कंत्राटदाराने विषारी रसायनाचे ड्रम पुरलेत, काका. पोरं रोज त्याच्यावर उड्या मारतात." आणि त्याने मजकूर माझ्यापुढे ठेवला. त्यात स्वतःबद्दल जेमतेम दोन ओळी. बाकी कुठल्या ट्रकने ड्रम आले, कोणी खणलं, कोणाच्या सहीने मैदानावर माती पसरली. शेवट असा, "त्यांच्या पश्चात आई आणि शाळेच्या मैदानाखालचे ड्रम असा परिवार आहे."

मी तो दोनदा वाचला. मृत्युलेख म्हणून सदोष होता. पण माझ्या पानावर इतकं खरं आजवर काही आलं नव्हतं.

मग मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी तारीख टाकली आणि पान सोडलं. कुदळ माझ्यासमोर बसून बिस्किट खात होता.

तो चहा संपवतोय तोवर सभ्य गृहस्थांचा फोन आला. जाहिरातीसाठी नाव द्यायचं होतं, कुदळीचं. मी म्हटलं, "अहो, आपण उशीर केलात. त्यांची बातमी लागलीसुद्धा."

"लागली? कोणी केलं?"

"ते मला कसं ठाऊक असणार? माझ्याकडे झाल्यावर येतं."

 पलीकडे कोणाशी तरी कुजबुज, तू केलंस का, नाही, मग त्या दुसऱ्यांनी केलं असेल. "आपल्या पानावर चूक होत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"आजवर नाही," मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं.

"सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा," ते म्हणाले आणि गल्लीतून माणसं परत बोलावली. कुदळीला माझं हेल्मेट घालून पुढच्या दाराने घरी आणलं. 

९ तारीख, रविवार

लोक सगळ्यात आधी अकरा नंबरचं पान वाचतात हे मी नेहमी सांगतो, कोणी ऐकत नाही. नऊ वाजेपर्यंत शाळेच्या मैदानावर आईबाप फावडी घेऊन उभे होते. दुपारी ड्रम वर आले. वासाने माणसांना मळमळलं.

कुदळ आमच्या स्वयंपाकघरात बसून स्वतःचा मृत्युलेख वाचत होता. फोटो जुना आहे, केस जास्त दिसतात, अशी तक्रार. एवढ्यात ही म्हणाली, "त्याच्या आईला कळवलंत ना?"

तोंडचं पाणी पळालं. पश्चात आई असं स्वतःच्या हाताने पानावर घेतलं आणि त्या आईला सांगायचं विसरलो. माझ्या पानावर 'पश्चात' म्हणजे शेवटची ओळ, त्यापुढे कोणी राहतं हे कधी सुचलंच नाही. फोन तिच्याकडे नाही. धावत गेलो.

म्हातारी दारातच बसली होती, पेपर मांडीवर. मी कानाशी लागून सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगता? पेपरात काय, काहीही छापून येतं. तोच सांगायचा, आई, मला समोर आडवा बघितल्याशिवाय आमच्या पेपरवर विश्वास ठेवू नकोस." आणि खणखणीत हसली.

पण आत गॅसवर दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याचा कोळसा झाला होता. तिला त्याचा वासही आलेला नव्हता. मी गॅस बंद केला आणि तिथेच उभा राहून रडलो. माझ्या पानाला इतकी वर्षं झाली, मी पहिल्यांदा रडलो.

११ तारीख, मंगळवार

शोकसभा झाली. कंत्राटदाराने संदेश पाठवला, "निर्भीड लेखणी हरपली." ड्रम आपले नसून आपल्या नावाने कोणीतरी पुरले, असंही त्यात होतं. चोराच्या उलट्या बोंबा.

कुदळीने सभेचं भाषण आमच्या घरात रेडिओवर ऐकलं. आयुष्यभर ज्यांनी त्याच्या बातम्या कापल्या, ते त्याच्या शब्दाशब्दाचं मोल सांगत होते. "जिवंतपणी एवढं बोलले असते तर मेलो नसतो," तो म्हणाला.

१२ तारीख, बुधवार

गुडघा दुखतोय. विशेष काही नाही. ही कुदळीला पातेली घासायला लावते. मेलेल्या माणसाला काम चुकत नाही आमच्याकडे.

१३ तारीख, गुरुवार

अंत्ययात्रा निघाली नाही, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. मालकांचा निरोप घेऊन संपादक स्वतः माझ्या टेबलापाशी आले. हातात खुलासा. "आमचे बातमीदार हयात असून सध्या अमुक पत्त्यावर राहतात. चुकीबद्दल दिलगीर आहोत." पत्ता माझ्या घरचा होता.

"चूक झाली की त्याच जागी खुलासा द्यायचा, हा पेपरचा नियम आहे," ते म्हणाले. "तुम्हीच सगळ्यांना शिकवता."

खरं आहे, मीच शिकवतो. पण हा खुलासा छापला की तो खोटा ठरायला फार वेळ लागणार नाही. मी म्हणालो, "माझ्या पानावर खुलासा येत नाही." इतक्या वर्षांत वरिष्ठांना नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. आवाज चिरकला, पण निघाला.

संपादक खाली बघत म्हणाले, "मग तुमचाही मजकूर तयार ठेवा."

१४ तारीख, शुक्रवार

सभ्य गृहस्थ आले. डोळ्यांखाली काळं, शर्टाची इस्त्री गेलेली.

"मी वरच्यांना शपथेवर सांगितलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, दुसरं काहीही खोटं असेल, ते पान खोटं बोलत नाही. माझी काय पत राहिली?"

मला मनापासून वाईट वाटलं. मग त्यांनी नवी जाहिरात पुढे सरकवली. फोटो माझा होता. ऑफिसच्या सहलीतला, शेजारचे कापून काढलेले.

सवय वाईट. मी आधी मजकूर तपासला. "प्रेमळ पती" असं होतं, हिला विचारून घ्यावं लागेल असं वाटून गेलं. मग वेळ सांगितली, एरवी सात, शनिवारी पाच. ते हात जोडून गेले. आपली जाहिरात आपणच घेतली, हे ती घेऊन झाल्यावर कळलं.

घरी सांगितलं. ही जवळ येऊन बसली. मला भीती वाटते. खूप वाटते. इतक्या लोकांची वयं लिहिली, पण माझं वय तिथे लिहिलेलं मला बघवणार नाही.

कुदळ म्हणाला, "काका, तीनशे शब्दांत सगळं मावलं नव्हतं. पाण्याच्या टाकीजवळचे ड्रम राहिलेत. तुमच्यात घालू?"

आम्ही दोघांनी बसून लिहिलं. हिने शेवट सुचवला. "त्यांच्या पश्चात पत्नी आणि टाकीजवळचे ड्रम असा परिवार आहे." 'प्रेमळ' तिने काढून टाकलं. म्हणाली, "टाकीचा पत्ता नीट बसायला जागा हवी."

१७ तारीख, सोमवार

दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. आज हिने स्वतः ऑफिसच्या दारापर्यंत सोडलं. गल्लीच्या तोंडाशी तो इस्त्री गेलेला शर्ट उभा होता, पण जवळ आला नाही.

माझा मजकूर फ्रिजमध्ये पडलाय ही गोष्ट ऑफिसात कशी फुटली देव जाणे. दुपारी खेळाच्या पानाचा लठ्ठ्या आला. "चित्रगुप्तसाहेब, माझाही लिहून ठेवता का? ट्रकवाल्यांचा भाग मला द्या. मी जाडा आहे, मजकूर जास्त मावेल."

"तुझ्या मागे कोणी नाही लागलेलं," मी म्हटलं.

"तुमच्यामागे तरी कुठे होतं? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

मग हवामानाची बातमी देणाऱ्या बाई आल्या. त्यांनी सह्या करणाऱ्या अधिकाऱ्याचा भाग मागून घेतला. वकीलसाहेब दारातूनच, पानाकडे पाठ करून म्हणाले, "मलाही एक परिच्छेद द्या. फक्त मला वाचायला लावू नका." संध्याकाळपर्यंत फ्रिज भरला. आता आमच्यापैकी कोणीही गेलं तरी एकेक तुकडा छापून येणार.

सगळ्यात शेवटी संपादक आले. आज पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. दार लावून घेतलं.

"मालकांचा भाग कोणाकडे गेला?"

"मालकांचा भाग आहे, हेच आम्हाला माहीत नव्हतं."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "माझ्यात घाला."

१८ तारीख, मंगळवार

आज सभ्य गृहस्थ खिडकीवर आले ते तारीख पक्की करायला. मी त्यांना आत बोलावलं, शेजारी बसवलं आणि फ्रिज उघडून दाखवला. एकेक नाव, एकेक मजकूर. ते शांतपणे वाचत गेले. वाचताना ओठ हलत होते.

"कोणापासून सुरुवात करणार?" मी विचारलं. "एक काढलात की एक छापलं जाईल. मला फक्त आधी कळवा, पान लावायला बरं पडतं."

  माझी जाहिरात त्यांनी खिशात परत ठेवली. मला वाटलं आता उठतील. ते उठले नाहीत.

"दोनदा काम फसलं माझं," ते हळूच म्हणाले. "आज सकाळी आमचं दूध आलं नाही. दूधवाला म्हणतो, तुम्हीच फोन करून बंद केलंत."

 त्या दुधाचा अर्थ आता मला हिच्याशिवायही कळतो.

"पश्चात कोण?" शेवटी मी विचारलं.

"मुलगी. त्याच शाळेत आहे." ते म्हणाले. "तुमचं पान तिनेच आणून दाखवलं मला. तुमच्याकडे माझा मजकूर घ्याल? मला बरंच माहीत आहे."

"बातमीदाराला तीनशे शब्द असतात. तुम्हाला किती लागतील?"

त्यांनी शर्टाची बाही नीट केली. "एका पानात मावायचं नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि कोरं पान उघडलं.